मिंगिर्रीचा दुसरा झिरा

हेक्टर जाम्पिजिन्पाने चित्राभोवती तीन फेऱ्या मारल्या, चौथ्या फेरीला मध्येच थांबला आणि म्हणाला, "नाही."

वाळवंटातल्या यिलकारी वस्तीच्या चित्रशाळेत तेव्हा सात बायका, चार कुत्री आणि उकळून उकळून काळाठिक्कर पडलेला चहा होता. "नाही" ऐकल्याबरोबर सातही बायकांच्या रंगाच्या काड्या जागच्या जागी थांबल्या. कुत्र्यांना काही फरक पडला नाही.

मेव्हिस नापाल्जारी चित्राच्या मधोमध मांडी घालून बसली होती. कॅनव्हास जमिनीवर पसरायचा आणि त्याच्यावर बसूनच काढायचा, ही तिची पद्धत. उभ्याने भिंतीवर चित्र काढणाऱ्यांची तिला कीव यायची. "आपल्या भूमीवर माणूस बसतो, का तिला खुंटीला लटकवतो?" असं ती विचारायची. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, उन्हाळा असो की हिवाळा डोक्याला लाल लोकरी टोपी. हात मात्र अजून तसाच स्थिर होता. तिने वर न बघता काडी पिवळ्या रंगात बुडवली, आणखी तीन ठिपके टेकवले आणि मग विचारलं, "काय नाही?"

"हे." हेक्टरने काठीच्या टोकाने दाखवलं. "पूर्वेकडचं वर्तुळ. मिंगिर्रीला झिरा एक. तू दोन काढलेस."

"दोन आहेत."

"एक."

"तुझा उत्तरेकडचा पाय सांभाळ, रंगाचा डबा उलटेल," मेव्हिस म्हणाली. "आणि झिरे दोन आहेत."

मिंगिर्री ही मेव्हिसच्या बापाची भूमी. रानबटाट्याची भूमी. आरंभी, जेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं, तेव्हा एक थोरला रानबटाटा तिथे जमिनीखाली पसरला, त्याची मुळं चारी दिशांना धावली, आणि जिथे जिथे त्याने अंग फुगवलं तिथे जमिनीला भेगा पडल्या. खोल भेगांमध्ये पाणी साठलं. आजही आमच्या बायका वेल बघून खणत नाहीत, जमिनीची भेग बघून खणतात. भूमी बापाकडून येते, म्हणून मेव्हिस तिची धनीण. पण धनीण झाली म्हणून मनाला येईल ते रंगवावं, असं आमच्यात चालत नाही. त्या घरच्या लेकींची मुलं भूमीची राखणदार असतात. हेक्टर मेव्हिसच्या आत्याचा मुलगा. मिंगिर्री त्याचं आजोळ. धन्याने गायचं, नाचायचं, रंगवायचं, आणि राखणदाराने डोळ्यांत तेल घालून बघायचं की सगळं बरोबर आहे ना. त्याने मान हलवल्याशिवाय चित्र दाराबाहेर पडत नाही, मग ते मागणारा राजा का असेना. लोक राखणदाराला थट्टेने 'पोलिस' म्हणतात. हेक्टरला ते मनापासून आवडतं.

"मी जाऊन आलोय तिथे," हेक्टर आता बायकांनाही ऐकू जाईल असं बोलू लागला. "वीस वर्षं झाली. हेलिकॉप्टरने. वरून बघितलं, उतरून बघितलं. एक झिरा, बाकी सगळी वाळू. तू गेली होतीस का, नापाल्जारी, मोठी झाल्यावर?"

"नाही."

"मग?"

"वरून बघणाऱ्याला आम्ही घार म्हणतो. राखणदार नाही म्हणत."

बायका हसल्या. एकीने हसता हसता चहा सांडला. हेक्टरला हसू आवरणं जड गेलं असावं, पण पोलिसाने हसून कसं चालेल? त्याने हॅट काढली, पुन्हा घातली, आणि जे बोलायला नको होतं ते बोलला.

"मी एवढा होतो तेव्हापासून माझ्या आईने मला वाळूत बोटाने काढून दाखवलंय. मिंगिर्री. एक वर्तुळ. शंभर वेळा काढलं असेल तिने. आता माझी आई खोटी, असं म्हणायचंय तुला?"

गेलेल्या माणसाचा विषय असा भांडणात ओढत नाहीत. मेव्हिसच्या तोंडात उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं आणि काडी खाली ठेवली.

चित्रशाळेचं व्यवस्थापन बघणारी हेलन कागदांची चळत घेऊन आत आली. चार वर्षं इथे काढलेली गोरी बाई, मनाने चांगली, पण घाईची. दक्षिणेच्या मोठ्या शहरातल्या संग्रहालयाने ह्या चित्रासाठी एक अख्खी भिंत मोकळी ठेवली होती आणि गुरुवारी ट्रक येणार होता. आज सोमवार. काय चाललंय ते तिने ऐकून घेतलं आणि हलकेच म्हणाली, "मेव्हिस, ते दुसरं वर्तुळ तसं लहानच आहे. त्याच्यावरून ठिपके फिरवले तर अर्ध्या तासात झाकलं जाईल. हेक्टरचंही समाधान."

"हेलन," मेव्हिस म्हणाली, "तू ताजा चहा कर."

खरंच लहान होतं ते वर्तुळ. मधला झिरा मोठ्या परातीएवढा, त्यातून पिवळी-पांढरी मुळं चारी दिशांना वळसे घेत गेलेली. आणि पूर्वेच्या कडेला, एका मुळाच्या टोकाशी, हा बशीएवढा. मेव्हिसने तो भीत भीतच काढला होता. भीत भीत, पण काढला होता.

कारण ती तिथे होती. हेक्टरच्या आईला हेक्टरच्या आधी एक मुलगा झाला होता. पूर्वेच्या झिऱ्यावर असताना त्याचा जीव आईच्या पोटात आला, म्हणून झिऱ्याचंच नाव त्याला दिलेलं. मेव्हिस सात वर्षांची होती, तो पाच वर्षांचा. दिवसभर दोघं बरोबर असायची. आत्या मोठ्या पाट्यावर गवताचं बी वाटायची, आणि हा तिच्याशेजारी तळहाताएवढ्या दगडावर वाळू वाटून मेव्हिसला भाकरी म्हणून वाढायचा. एका हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला आणि चार दिवसांत तो गेला. मोठ्यांनी पानांच्या डहाळ्यांनी वाळूतली त्याची पावलं पुसली, पाटे पालथे घातले, झिरा वाळूने बुजवला आणि तिथून निघाले. गेलेल्याचं नाव आमच्यात उच्चारत नाहीत. मुलाचं नाव बंद झालं, म्हणून झिऱ्याचंही नाव बंद झालं, म्हणून झिराही बंद झाला. दुसऱ्या वर्षी सगळेच वाळवंट सोडून वस्तीवर आले. तेव्हा आत्याच्या पोटात हेक्टर होता. त्याला कायम वाटत आलं की आपण आईचं पहिलं मूल.

आत्या खोटं बोलली नव्हती. एक वर्तुळ काढण्याएवढीच तिला मोकळीक होती. दुसऱ्यावर बोट टेकवायचं तर पोराचं नाव ओठांवर आलं असतं. मेव्हिसनेही तीस वर्षं मिंगिर्री एकाच वर्तुळाची काढली आणि हेक्टरने प्रत्येक वेळी मान हलवली. ज्याचा भाऊ गेला त्याच्यासमोर त्या भावाचा उल्लेख करायचा नाही, मग तो भाऊ त्याला ठाऊक असो वा नसो.

मग गेल्या महिन्यात तिने रोशेलला बघितलं. रोशेल नुंगर्राई तिची भाची, भावाची मुलगी, पंचविशीची. भाऊ आता नाही, मेव्हिसनंतर मिंगिर्रीची धनीण तीच. शाळेच्या आवारात रोशेल पोरांना वाळूत भूमी काढून दाखवत होती. सुरेख काढलं तिने. मुळं, भेगा, वाळूच्या टेकड्या. आणि एक वर्तुळ. मेव्हिस कुंपणापाशी उभी राहून बघत होती. दुसरा झिरा जगात आता फक्त तिच्या लाल टोपीखाली उरला होता. ती गेली की संपला. बंद केलेलं उघडता येतं. विसरलेलं कुठून उघडणार? घरी येऊन तिने हेलनकडे सगळ्यांत मोठा कॅनव्हास मागितला.

आता तिने गुडघ्यांवर हात रोवले आणि दोन बायकांच्या आधाराने उभी राहिली.

"जाम्पिजिन्पा, चल. बघून येऊ."

"कुठे?"

"मिंगिर्रीला. नसला झिरा तर मी स्वतःच्या हाताने झाकते. आणि पुन्हा ह्या भूमीचा एक ठिपका काढणार नाही."

हेक्टरने काठी टेकवली. तिने मोठीच पैज लावली होती. "तिकडे रस्ता नाही, बाई."

"रस्ता नसू दे. मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी उजाडताच टोयोटा निघाली. चालवायला रोशेल, शेजारी मेव्हिस, मागे हेक्टर, दोन चाकं, पाण्याचे डबे, पहार, पिठाची पिशवी आणि कांगारूच्या दोन गोठवलेल्या शेपट्या. एक कुत्रं कोणाला न विचारता चढलं होतं.

"आई, जरा हळू," हेक्टर मागून ओरडला. "म्हातारं हाड आहे माझं."

"पोरा, टोपी घाल आधी," रोशेल म्हणाली. "आणि खिडकीतून डोकं आत घे."

नव्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पण आमची ही मागची नावं नात्याच्या गटांची असतात, आणि नुंगर्राई बाईची मुलं जाम्पिजिन्पा असतात. हेक्टरची आई नुंगर्राई होती. रोशेल नुंगर्राई आहे. म्हणजे बासष्ट वर्षांच्या हेक्टरची ती आईच झाली, तिचं वय काही का असेना. तीही हा अधिकार सोडत नाही. तो खोकला तरी रागावते.

पहिले दोन तास खाणवाल्यांनी पाडलेली वाट होती. मग ती वाट दक्षिणेला वळली आणि मेव्हिस म्हणाली, "सोड ती." समोर काटेरी स्पिनिफेक्स गवत आणि लाल वाळूच्या टेकड्या, एकीमागे एक. रोशेलने खिशातून फोन काढला. मेव्हिसने तो तिच्या हातातून घेऊन समोरच्या कप्प्यात टाकला आणि गायला सुरुवात केली.

गाणं म्हणजे वाटच. रानबटाटा जसा जसा जमिनीखालून गेला तशी कडवी येतात: आधी वाकडी टेकडी, मग तीन झाडं, मग पांढऱ्या मातीचं बशीसारखं मैदान, जिथे त्याने दम खाल्ला. मेव्हिस साठाहून अधिक वर्षांत इकडे फिरकली नव्हती. पण बापाने तिला खांद्यावर बसवून चालता चालता हे सगळं गाऊन घेतलं होतं, आणि ती रोज रंग कालवताना पुटपुटत आली होती. वाकडी टेकडी आली. झाडं दोनच होती. तिसऱ्याचा जळका बुंधा उरला होता. हेक्टरने मागून डोकं बाहेर काढून ती मोजली. हेलिकॉप्टरला झाडं मोजावी लागत नाहीत.

मध्येच थांबून रोशेलने गाडीच्या जाळीत अडकलेलं गवताचं बी उपसलं, नाहीतर इंजिन तापून पेटतं. एक चाक फुटलं. हेक्टरने ते बदलताना विचारलं, "नापाल्जारी, अजूनही कबूल कर. पोरीचा दिवस कशाला फुकट घालवतेस? मी कोणाला बोलणार नाही. वय झालं की होतं असं."

हे मात्र मेव्हिसला लागलं. वयावरून बोलणं तिने ऐकून घेतलं असतं, दया दाखवलेली नाही. "तुझं झालंय वय," ती म्हणाली. "चाक उलटं लावतोयस."

तो खरंच उलटं लावत होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा पांढरं मैदान आलं आणि त्याच्या पलीकडे काळ्या खडकाची बुटकी रांग. मेव्हिसने गाडी लांबच थांबवायला लावली. ती उतरली, काठी टेकत चार पावलं पुढे गेली आणि खणखणीत आवाजात हाक दिली. "मी आलेय! तुमची नापाल्जारी! म्हातारी होऊन आले! बरोबर तुमच्या लेकीचा मुलगा आहे, आणि ही नुंगर्राई, तुमची नात, पहिल्यांदा येतेय. हिला ओळखून ठेवा!" मग तिने काखेतला घाम तळव्यावर घेतला आणि रोशेलच्या कपाळाला, गालांना, हातांना चोळला, म्हणजे भूमीला वास ओळखीचा वाटेल. रोशेल एरवी नाक मुरडायची. आज ती डोळे मिटून उभी राहिली.

मेव्हिस मात्र सगळीकडे बघत होती आणि तिची छाती अभिमानाने भरून आली होती. ह्या खडकांचा प्रत्येक वळसा तिने शेकडो वेळा काढला होता. लांबलांबच्या देशांत लोकांनी भिंतींवर लावला होता. आणि इथे तो कोणाचीही वाट न बघता, जसा होता तसा होता. आपण बरोबर काढत आलो. वळण चुकलं नाही. तिला मोठ्याने ओरडून कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगायचं कोणाला, ज्यांना कळेल ते सगळे तिथेच होते.

पहिला झिरा खडकाच्या पायथ्याशी होता. हेक्टरने तोंडात पाणी घेऊन रोशेलच्या डोक्यावर फवारलं, पहिल्यांदा येणाऱ्याची रीत म्हणून. मग हात झटकले. "हा एक. आता दाखव."

मेव्हिस पूर्वेला चालू लागली. तीनशे पावलं. रोशेल एका बाजूने धरायला गेली तर तिने हात झटकला. वाळू, स्पिनिफेक्स, वाळू. तिथे काहीही नव्हतं. ना हिरवळ, ना ओल, ना पाखरू. हेक्टर पहार टेकत मागून येत होता. मेव्हिस थांबली, खडकाच्या शेंड्याकडे बघितलं, परत फिरली, आठ पावलं उत्तरेला गेली. क्षणभर तिलाही वाटलं, सात वर्षांच्या पोरीने काय बघितलं असेल? मग तिने टाच वाळूवर आपटली. पुन्हा आपटली. रानबटाटा शोधताना आपटतात तशी, आवाज ऐकत. आणि ती बसली.

"इथे. खण."

"धनीण तू आहेस."

"म्हणूनच मी नाही खणायचं. उघडायचं काम राखणदाराचं. पहार घे, जाम्पिजिन्पा."

'उघडायचं' हा शब्द ऐकून हेक्टर थबकला. बंद केलेली जागाच उघडावी लागते. त्याने मेव्हिसकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. त्याने पहार उचलली.

हातभर वाळू निघाली. मग पहार दगडावर वाजली. हेक्टरने गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू सारली. पालथा घातलेला एक पाटा होता. परत यायचं असलं की बायका पाटा असा पालथा ठेवून जातात. दोन्ही हातांनी त्याने तो उलटा केला. लालसर दगड, मधोमध वाटून वाटून खोल झालेला, आणि पश्चिमेच्या कोपऱ्याचा टवका उडालेला.

हेक्टरने उडालेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. हा पाटा त्याने कधी बघितला नव्हता, पण तो ओळखत होता. वस्तीवर आल्यापासून मरेपर्यंत त्याची आई त्या पाट्यासाठी कुरकुरत होती. 'माझा लाल पाटा, कोपरा उडालेला, त्याच्यासारखं पीठ कशावर निघत नाही.' 'मग आण ना जाऊन,' असं सगळे म्हणायचे. ती म्हणायची, 'राहू दे तिथेच.' ह्यावरून घरात किती थट्टा झाली होती.

"ती इथे राहायची," हेक्टर म्हणाला. "ह्या झिऱ्यावर. मग मला का नाही..."

बोलता बोलता त्याचा हात वाळूत फिरत होता. पाट्याच्या शेजारी त्याला आणखी एक दगड लागला. तळहाताएवढा. तोही पालथा घातलेला. त्याने तो उचलून पुसला. छोटासा पाटा, कोणीतरी खेळायला घेतलेला, वर खरखरीत, नुसतीच वाळू वाटलेली.

"हा कोणाचा?"

मेव्हिसने समोरच्या वाळूवर तळहात ठेवला आणि सावकाश, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, वाळू पुसली. पावलं पुसतात तशी. मग तोच हात उचलून जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर धरला. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

हेक्टरने त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"माझ्याहून मोठा होता," तो म्हणाला.

मेव्हिसने मान हलवली. तीस वर्षं तो तिच्या चित्रांपुढे मान हलवत आला होता. आज पहिल्यांदा तिने त्याच्यापुढे हलवली. मग हेक्टर रडला. मोठ्याने, आमच्याकडे रडतात तसा, कपाळ जमिनीला लावून, आणि मेव्हिसने त्याच्या पाठीवर पडून सूर धरला, आणि कोणासाठी ते माहीत नसतानाही रोशेल दोघांच्या गळ्यात पडून रडली. कुत्रं लांब जाऊन बसलं.

रडून झाल्यावर हेक्टर उठला. नाक पुसलं. आणि परत पोलिस झाला. जागा उघडण्याच्या रीतीप्रमाणे त्याने ओल्या पानांच्या डहाळ्या तोडून आणल्या, विस्तव केला, दाट पांढरा धूर काढला आणि तो धूर स्वतःवर, पाट्यांवर, दोघी बायकांवर आणि त्या सगळ्या जागेवरून फिरवला. मग खड्ड्यात उतरून पुन्हा खणू लागला. कंबरभर खोल गेल्यावर वाळूचा रंग बदलला. आणखी हातभर, आणि त्याच्या बोटांभोवती पाणी झिरपायला लागलं, आधी गढूळ, मग निवळ.

"उघडलं," तो खालूनच म्हणाला. "आता नाव सांग, नापाल्जारी. मी आता मागतोय."

एवढी वर्षं दाबलेलं नाव; ह्या माणसासमोर ते उच्चारायचं नाही हे हाडात मुरलेलं. मेव्हिसने रोशेलला जवळ ओढलं आणि तिच्या कानात सांगितलं. झिऱ्याचं नाव, आणि ते कोणाचं होतं. रोशेल ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. मग ती खड्ड्याच्या काठावर पालथी पडली, हेक्टरच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाळा."

ह्या वेळी ती थट्टा करत नव्हती. आईने सांगायचं राहून गेलेलं आईनेच सांगितलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते त्या जागेचं आहे, आणि ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ऐकलं. हेक्टरने ते एकदा म्हटलं, पुन्हा म्हटलं, मग ओंजळीत पाणी घेऊन प्यायला आणि म्हणाला, "गोड आहे. पहिल्यापेक्षा गोड."

"मी काय सांगत होते," मेव्हिस म्हणाली.

पाटे त्यांनी आणले नाहीत. धुऊन पुन्हा तिथेच पालथे ठेवले, शेजारी शेजारी.

गुरुवारी सकाळी ट्रक चित्रशाळेच्या दाराला पाठ लावून उभा होता. हेलनच्या हातात दोऱ्या होत्या. सात बायका होत्या, कुत्री पाच झाली होती. हेक्टर धुतलेला शर्ट घालून आला, हॅट काढून काखेत धरली आणि चित्राभोवती फिरायला लागला. एक फेरी. दुसरी. तिसरी. चौथ्या फेरीला पूर्वेच्या कडेला थांबला.

"नाही," तो म्हणाला.

हेलन मटकन खुर्चीत बसली. बायकांच्या काड्या थांबल्या. मेव्हिसने टोपी वर सरकवली आणि डोळे बारीक केले. "आता काय नाही?"

"दुसरा झिरा. बशीएवढा काढलायस." त्याने काठी आपटली. "माझ्या भावाचा झिरा बशीएवढा? पहिल्याएवढा कर. परातीएवढा. त्या शहरातल्या लोकांना दाराशी उभं राहून दिसला पाहिजे."

"हेक्टर, ट्रक आलाय," हेलन काकुळतीला आली.

"थांबेल. साठ वर्षं झिरा थांबला, ट्रकला काय धाड भरलीय?"

हसू लपवायला मेव्हिसने रंगाचे डबे उगाच पुढेमागे केले. मग बसल्या बसल्या चित्रावरून पूर्वेकडे सरकली, सगळ्यांत जाड काडी निवडली आणि हात पुढे केला. पिवळ्याचा डबा रोशेलने उचलला होता, पण हेक्टरने तो तिच्या हातातून घेतला, आयुष्यात पहिल्यांदा बूट काढून चित्रावर आला, मेव्हिसच्या शेजारी मांडी घातली आणि डबा तिच्यापुढे धरून बसला.